डबलक्लिक केल्यावर आपलाच प्रोग्रॅम उघडावा : एक्स्टेन्शन कोडमधून कसं जोडायचं?

रामबागची_रेवा

मंडळी, नमस्कार. इंदूरहून लिहितेय.

भातखंडे पद्धतीची स्वरलिपी लिहिण्यासाठी एक डेस्कटॉप प्रोग्रॅम करतेय. सी प्लस प्लस आणि क्यूटी (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी). कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य, एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली अर्धचंद्र. हे सगळं वर्डमध्ये जुळवताना संगीतशिक्षकांचे काय हाल होतात ते घरात कोणी गाणारं असेल तर सांगायला नको. लिहिणं, साठवणं, छापणं जमलं. आता गाडी डबलक्लिकवर अडलीय.

माझे वापरणारे बहुतेक साठीपुढचे आहेत. इंदूर, देवास, उज्जैनला घरी क्लास घेणारे गुरुजी आणि ताया. त्यांना "आधी प्रोग्रॅम उघडा, मग फाइल मेनूत जा, मग ओपन म्हणा" असं सांगणं मला पटत नाही. फाइल दिसली, तिच्यावर दोनदा टिचकी मारली, बंदिश समोर.

माझ्या फाइलींचं एक्स्टेन्शन 'डॉट स्वर' आहे, रोमन अक्षरांत. आत साधा एक्सएमएल मजकूर. शिवाय माझा प्रोग्रॅम मिडी म्हणजे डॉट मिड फाइलीही वाचतो, कारण बऱ्याच जणांनी कीबोर्डवरून मिडी साठवून ठेवलंय. तर कोडमधून दोन्ही एक्स्टेन्शन्स माझ्या प्रोग्रॅमला कशी जोडू? आणि अ‍ॅडमिन पासवर्ड मागायची वेळ आणायची नाही. घरातला कॉम्प्युटर मुलानं बसवून दिलेला असतो, मुलगा पुण्यात नाहीतर परदेशात.

सुखलिया_सी_शार्प

रेवाताई, विंडोजपुरतं सांगतो.

अ‍ॅडमिन लागत नाही. बरेच जण रजिस्ट्रीतल्या (विंडोज जिथे सेटिंग्ज साठवतं ती जागा) एचकेईवाय क्लासेस रूटमध्ये लिहायला जातात आणि मग परवानगी नाही म्हणून अडतात. क्लासेस रूट ही स्वतंत्र जागा नाहीच. एचकेएलएममधलं (सगळ्या वापरणाऱ्यांसाठीचं) सॉफ्टवेअर\क्लासेस आणि एचकेसीयूमधलं (फक्त चालू वापरणाऱ्याचं) सॉफ्टवेअर\क्लासेस यांचं एकत्र केलेलं ते दृश्य आहे, आणि दोन्हीकडे तीच नोंद असेल तर वापरणाऱ्याची, म्हणजे एचकेसीयूची, वरचढ ठरते. त्यामुळे थेट एचकेसीयू\सॉफ्टवेअर\क्लासेसमध्ये लिहा.

तिथे दोन गोष्टी करायच्या. आधी स्वतःची प्रोगआयडी, म्हणजे आपल्या फाइलप्रकाराची ओळख सांगणारी नोंद, बनवा, उदाहरणार्थ 'रेवा.स्वरलिपी.१'. तिच्याखाली डिफॉल्टआयकॉन आणि शेल\ओपन\कमांड. मग 'डॉट स्वर' नावाची की (रजिस्ट्रीतला कप्पा) करून तिच्या डिफॉल्ट व्हॅल्यूत ती प्रोगआयडी लिहा. कमांडच्या व्हॅल्यूत प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत, एक जागा सोडून टक्का-एक, तोही अवतरणचिन्हांत. ही दुसरी अवतरणं विसरली की 'यमन.स्वर' उघडते आणि 'यमन छोटा ख्याल.स्वर' उघडत नाही, कारण प्रोग्रॅमला 'यमन', 'छोटा', 'ख्याल.स्वर' असे तीन वेगळे तुकडे मिळतात.

शेवटी एसएचचेंजनोटिफाय बोलवा, एसएचसीएनई-असोकचेंज्ड देऊन. नाहीतर एक्सप्लोररला कळायला लॉगआउट करावं लागतं आणि आयकॉन जुनाच दिसत राहतो.

भिया_राजवाडा

पोहे-जिलेबीच्या वेळेला धागा टाकला ताईंनी. वाचून होईपर्यंत जिलेबी गार! 😄 पण विषय कामाचा आहे, बसलोय.

सियागंजवाला

सुखलियाकरांनी डॉट स्वरचं सांगितलं ते ठीक. पण डॉट मिडचं काय? त्याची डिफॉल्ट व्हॅल्यू आधीच मीडिया प्लेयरकडे आहे.

माझं मत स्पष्ट सांगतो. ठोकून आपल्या नावावर करून घ्या. वापरणाऱ्याला निवड नको असते, काम व्हायला हवं असतं. मी दुकानदारांसाठी बिलांचे प्रोग्रॅम देतो. 'कशाने उघडू' अशी खिडकी आली की गिऱ्हाईक थेट फोन लावतं. तुमचे गुरुजी तर साठीपुढचे.

दांडियाबाजार_बडोदे

@सियागंजवाला, ठोकून नावावर करण्याचे दिवस विंडोज ८ बरोबर संपले.

वापरणाऱ्यानं 'नेहमी यानेच उघडा' म्हटलं की ती निवड वेगळ्याच जागी जाते. एचकेसीयूमध्ये एक्सप्लोररच्या फाइलएक्स्ट्सखाली त्या एक्स्टेन्शनची की असते, तिच्यात यूझरचॉइस नावाची उपकी. तिथे प्रोगआयडीबरोबर एक हॅश, म्हणजे निवड खरी आहे का ते पडताळायचा सांकेतिक आकडा, असतो. बाहेरच्या प्रोग्रॅमनं प्रोगआयडी बदलली आणि हॅश जुळला नाही, तर विंडोज ती निवड अमान्य करून स्वतःची डिफॉल्ट परत आणतं. विंडोज १० मध्ये 'अ‍ॅप डिफॉल्ट रीसेट झालं' अशी सूचना उजव्या कोपऱ्यात येते, ती अनेकांनी पाहिली असेल. काही जणांनी हॅश काढायची रीत शोधून साधनं बनवली आहेत हे मला माहीत आहे. पण २०२४ पासून पीडीएफ आणि वेबच्या दुव्यांसाठी मायक्रोसॉफ्टनं त्यावरही यूझरचॉइस प्रोटेक्शन ड्रायव्हर बसवला. आज डॉट मिड त्यात नाही, म्हणून त्या वाटेनं जायचं? पुढच्या अपडेटला ताईंचा प्रोग्रॅम तुटेल आणि फोन गुरुजींचे येतील.

ताई, तुमच्यासाठी चांगली बातमी अशी की डॉट स्वर नवं आहे. त्याला कोणाचीच यूझरचॉइस नाही. तिथे सुखलियाकरांनी सांगितलेली साधी नोंद पुरते. अडचण फक्त डॉट मिडची.

सियागंजवाला

हॅशचं माहीत आहे. तरी गिऱ्हाईकाचा फोन मला येतो, मायक्रोसॉफ्टला येत नाही.

टिळकनगर_मंजिरी

सियागंजवाले दादा, मी प्रोग्रॅमर नाही, वापरणारी आहे, म्हणून दुसऱ्या बाजूनं लिहिते.

आमच्या ऑफिसात कोणीतरी पीडीएफ वाचायचा एक फुकट प्रोग्रॅम टाकला. कोणाचा ते सांगत नाही. त्यानं पीडीएफबरोबर चित्रं, झिप, साध्या टेक्स्ट फाइली सगळं स्वतःकडे ओढून घेतलं. काढून टाकला तर त्यातलं काहीच डबलक्लिकनं उघडेना. पगारपत्रकाचा दिवस होता. त्यानंतर कोणताही प्रोग्रॅम न विचारता काही बळकावतो असं दिसलं की मी तो ठेवतच नाही, मग तो कितीही चांगला असो. माणूस साठीचा असला तरी त्याच्या कॉम्प्युटरवर काय कशानं उघडायचं हे त्यानंच ठरवायला हवं. त्याला ठरवणं सोपं करून द्या, एवढंच.

दांडियाबाजार_बडोदे

मंजिरीताईंना पूर्ण अनुमोदन. आणि हे 'सोपं करून देणं' तांत्रिकदृष्ट्या नीट करता येतं.

डॉट मिडच्या डिफॉल्ट व्हॅल्यूला हात लावू नका. डॉट मिडखाली ओपनविथप्रोगआयडीज नावाची उपकी असते, तिच्यात तुमच्या प्रोगआयडीच्या नावाची एक रिकामी व्हॅल्यू घाला. झालं, 'ओपन विथ'च्या यादीत तुमचं नाव आलं.

दुसरं, एचकेसीयू\सॉफ्टवेअर\रजिस्टर्डअ‍ॅप्लिकेशन्समध्ये तुमच्या प्रोग्रॅमच्या नावाची व्हॅल्यू, आणि तिच्यात तुमच्या केपेबिलिटीज कीचा पत्ता. केपेबिलिटीजमध्ये प्रोग्रॅमचं नाव, दोन ओळींचं वर्णन आणि फाइलअसोसिएशन्सखाली डॉट स्वर व डॉट मिड, दोन्हींसमोर प्रोगआयडी. मिडीसाठी वेगळी प्रोगआयडी करा, म्हणजे तिला वेगळा आयकॉन आणि 'मिडी फाइल' असं वर्णन देता येईल. एवढं केलं की सेटिंग्जच्या डिफॉल्ट अ‍ॅप्सच्या पानावर तुमचा प्रोग्रॅम दिसायला लागतो.

वाड्याच्या दारावर आपल्या नावाची पाटी लावावी, पाहुण्याचा हात धरून त्याला आत ओढू नये, इतकाच फरक.

आणि प्रोग्रॅममध्ये एक बटण द्या : 'मिडी फाइली यानेच उघडायच्या असतील तर इथे दाबा.' ते दाबल्यावर एमएस-सेटिंग्ज कोलन डिफॉल्टअ‍ॅप्स हा पत्ता उघडायचा, तोच पत्ता शेलएक्झिक्यूटला दिला की सेटिंग्जचं पान येतं. पुढे काय निवडायचं ते शेजारी चित्रासकट मराठीत लिहा.

लष्कर_लिनक्स

ग्वाल्हेरहून. ताईंनी फक्त विंडोज म्हटलेलं नाही, म्हणून लिनक्सची बाजू मांडतो. इथे रजिस्ट्री नाही आणि एक्स्टेन्शन थेट प्रोग्रॅमला जोडतही नाहीत. मधे माइम प्रकार असतो. फाइलचा प्रकार कोणता हे एक फाइल सांगते, त्या प्रकाराला कोणता प्रोग्रॅम चालतो हे दुसरी.

स्वतःचा प्रकार बनवा, उदाहरणार्थ अ‍ॅप्लिकेशन, तिरकी रेघ, एक्स-स्वरलिपी. त्याची व्याख्या छोट्या एक्सएमएल फाइलीत : ग्लॉब म्हणजे तारांकन डॉट स्वर, आणि सब-क्लास-ऑफ म्हणून अ‍ॅप्लिकेशन-एक्सएमएल. ती घरच्या फोल्डरमधल्या डॉट लोकल/शेअर/माइम/पॅकेजेसमध्ये ठेवून अपडेट-माइम-डेटाबेस चालवा. हे केलं नाही तर लिनक्स फाइलीत डोकावतो, पहिल्या ओळीत एक्सएमएल दिसतं आणि बंदिश टेक्स्ट एडिटरात उघडते. स्वरांऐवजी कोनी कंस बघून गुरुजी घाबरतील.

मग डॉट डेस्कटॉप फाइलीत माइमटाइपची ओळ, एक्झेकच्या ओळीत प्रोग्रॅमच्या नावापुढे टक्का-एफ, आणि अपडेट-डेस्कटॉप-डेटाबेस. छोटा एफ दिला तर एका वेळी एक फाइल, मोठा दिला तर निवडलेल्या सगळ्या एकदम. डिफॉल्ट करायचं असेल तर एक्सडीजी-माइम डिफॉल्ट ही आज्ञा. ती माइमअ‍ॅप्स डॉट लिस्टमध्ये ओळ लिहिते आणि ती ओळ वापरणारा उद्या हातानं बदलू शकतो.

अवांतर : स्वरलिपीचा प्रोग्रॅम इंदूरला होतोय याचा आनंद आहे, पण माधव संगीत महाविद्यालय १९१८ मध्ये ग्वाल्हेरला निघालं आणि त्याची घडी भातखंड्यांनी बसवली, हे नोंदवून ठेवतो. 🙂

रावपुरा_तबला

अवांतराला अवांतर : आणि १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद कुठे भरली? बडोद्याला, सयाजीरावांच्या आश्रयाखाली, भातखंड्यांच्याच पुढाकारानं. बडोद्याची गायनशाळा तर १८८६ ची, मौलाबक्षांची. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी काढून पुस्तकं छापली होती, भातखंड्यांच्या आधी.

भिया_राजवाडा

झालं सुरू. ग्वाल्हेर आणि बडोदे भांडतील, प्रोग्रॅम मात्र इंदूरचाच उघडेल. 😂

षड्ज_पंचम

मी रेवाचा प्रोग्रॅम वापरते. शिकवते. रेवा, तू दिलेल्या नव्या आवृत्तीत रोमन नावाची फाइल डबलक्लिकनं छान उघडली. पण माझ्या फाइलींची नावं मराठीत आहेत. 'भूप तराणा' या फाइलवर टिचकी मारली की प्रोग्रॅम उघडतो आणि म्हणतो फाइल सापडली नाही, आणि नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. प्रोग्रॅमच्या आतून ओपन केलं की तीच फाइल उघडते. हे काय आहे?

सुखलिया_सी_शार्प

हे अगदी आपल्याच लोकांना चावणारं आहे. नीट लिहितो.

विंडोज प्रोग्रॅमला फाइलचं नाव दोन रूपांत देतं, एक युनिकोड, एक जुन्या एएनएसआय कोडपेजमधलं. फ्रेंच, रशियन यांना जुनी कोडपेजेस आहेत, देवनागरीला विंडोजमध्ये ती कधी नव्हतीच. मराठी आणि हिंदी विंडोजमध्ये आले तेच युनिकोड म्हणून. त्यामुळे प्रोग्रॅमनं मेनच्या आर्गव्हीतून (सी प्लस प्लसमध्ये प्रोग्रॅम सुरू होताना मिळणारी यादी) नाव घेतलं की प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं, आणि त्या नावाची फाइल कुठेच नसते. आतून ओपन करताना क्यूटीची खिडकी युनिकोड नाव देते, म्हणून तिथे चालतं. हे तपासणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण तो टेस्ट-वन नावाच्या फाइलीवर तपासतो.

क्यूटीत उपाय एका ओळीचा आहे. आर्गव्हीला हात न लावता क्यूकोअरअ‍ॅप्लिकेशनचं आर्ग्युमेंट्स वापरा, ते विंडोजवर युनिकोड कमांडलाइनच वाचतं. क्यूटी नसेल तर डब्ल्यूमेन किंवा गेटकमांडलाइनडब्ल्यू. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये अ‍ॅक्टिव्हकोडपेज यूटीएफ-८ लिहायचीही सोय आहे, पण त्याहून जुन्या मशीनवर ती लागू होत नाही.

रामबागची_रेवा

षड्जताई, आर्ग्युमेंट्स वापरून नवी आवृत्ती पाठवलीय. मी 'मारवा ऋषभ कोमल' आणि 'ऱ्हस्व' अशा नावांवर करून पाहिलं, दोन्ही उघडली.

षड्ज_पंचम

उघडली! तराणासुद्धा. 🙏

जुनाखोड

हा धागा वाचून बरं वाटलं. विंडोज ३.१ मध्ये विन डॉट आयएनआय नावाची एकच टेक्स्ट फाइल होती, तिच्यात एक्स्टेन्शन्स असा विभाग असायचा. नोटपॅडात उघडून एक ओळ लिहिली की काम झालं. आणि जुन्या मॅकमध्ये तर एक्स्टेन्शन लागतच नसे. प्रत्येक फाइलबरोबर चार अक्षरांचा प्रकार आणि चार अक्षरांचा निर्माता साठवलेला असे, नाव काहीही ठेवा. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेली की ती आठ अक्षरं वाटेतच गळायची, हा त्यातला तोटा.

रेवा, एक्स्टेन्शन चार अक्षरांचं ठेवलंस ते चांगलं. तीन अक्षरांची सक्ती डॉसची होती, विंडोज ९५ पासून गेली. तरी लोक अजून तीनच अक्षरं धरून बसतात आणि एकमेकांवर आदळतात. डॉट टीएस म्हणजे टाइपस्क्रिप्ट की व्हिडिओ, हे अजून कॉम्प्युटरला कळत नाही.

भिया_राजवाडा

मग देवनागरीतच ठेवा की एक्स्टेन्शन! यमन डॉट स्वर, खरंखुरं मराठीत.

लष्कर_लिनक्स

चालतं. एनटीएफएस आणि लिनक्स दोघांनाही अडचण नाही. पण फाइल झिप करून मेलनं पाठवली आणि झिप करणारं साधन जुनं असेल, तर नावं युनिकोडमध्ये लिहिली जात नाहीत आणि पलीकडे नावाचा कचरा होतो. फाइलचं मूळ नाव बिघडलं तर माणूस सुधारून घेतो. एक्स्टेन्शनचाच कचरा झाला तर डबलक्लिकच मेलं. नाव मराठी, एक्स्टेन्शन रोमन हेच बरं.

रावपुरा_तबला

मूळ विषयावर एक प्रश्न. पलुस्कर पद्धतीच्या फाइलींना वेगळं एक्स्टेन्शन करणार का? आमच्याकडे दोन्ही पद्धतींनी शिकलेली माणसं आहेत.

रामबागची_रेवा

नाही करणार. एक्स्टेन्शन एकच, पद्धत कोणती हे एक्सएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये. एकच बंदिश दोन्ही पद्धतींत पाहता यावी असं मनात आहे, तेव्हा फाइलनं पद्धतीची पाटी लावून फिरू नये.

लष्कर_लिनक्स

पलुस्कर म्हणजे बाळकृष्णबुवांचे शिष्य, म्हणजे गायकी ग्वाल्हेरची. नोंद असू द्या.

मॅकवाली_अलकापुरी

मॅकबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून.

इथे कोडमधून नोंदणी करायची नसते. अ‍ॅपच्या आत इन्फो डॉट पीलिस्ट असते, तिच्यात सांगायचं की माझा एक नवा प्रकार आहे, त्याचं एक्स्टेन्शन हे, तो एक्सएमएलचा पोटप्रकार आहे आणि माझं अ‍ॅप त्याचं मालक आहे. मिडीसाठी मालक न म्हणता पर्यायी म्हणायचं, त्यासाठी एलएसहँडलररँक आहे. अ‍ॅप अ‍ॅप्लिकेशन्स फोल्डरमध्ये टाकलं की लाँच सर्व्हिसेस ते वाचून घेते.

लोक फसतात ते पुढे. डबलक्लिक केल्यावर मॅक फाइलचं नाव आर्ग्युमेंट म्हणून देतच नाही, अ‍ॅपला एक इव्हेंट पाठवतो. क्यूटीत त्याचं नाव क्यूफाइलओपनइव्हेंट. तो पकडला नाही तर अ‍ॅप रिकामं उघडतं आणि माणूस म्हणतो, 'उघडलं, पण बंदिश कुठंय?' इव्हेंट अ‍ॅप सुरू होताना येऊ शकतो तसा अ‍ॅप चालू असतानाही, दोन्ही वेळा करून पाहा.

सियागंजवाला

विंडोजवर तोच प्रश्न येतो, दुसऱ्या तोंडानं. प्रोग्रॅम आधीच उघडा आहे आणि दुसऱ्या फाइलवर टिचकी मारली तर दुसरा प्रोग्रॅम उघडतो. माझ्या बिलांच्या प्रोग्रॅमला हे चालत नाही, एकाच डेटाबेसवर दोन खिडक्या बसतात. म्हणून सुरू होताना आधी बघायचं की आपलीच दुसरी प्रत चालू आहे का. असेल तर फाइलचं नाव तिच्याकडे पाठवायचं आणि आपण बंद व्हायचं. क्यूटीत क्यूलोकलसर्व्हर आणि क्यूलोकलसॉकेटनं छान होतं. इलेक्ट्रॉनवाल्यांना रिक्वेस्टसिंगलइन्स्टन्सलॉक तयारच मिळतं. चालू प्रत मग स्वतःची खिडकी पुढे आणते.

ताई, नाव पाठवताना पूर्ण पत्ता पाठवा. एक्सप्लोररमधून उघडताना चालू फोल्डर सहसा फाइलचं असतं, प्रोग्रॅमचं नसतं. तुमचे फाँट आणि तालांच्या फाइली 'इथल्या फोल्डरात' असं गृहीत धरून वाचत असाल तर त्याही सापडणार नाहीत. अ‍ॅप्लिकेशनडिरपाथपासून मोजा.

टिळकनगर_मंजिरी

सियागंजवाले दादा, हा तुमचा प्रतिसाद फार उपयोगी. आमच्याकडे वाचनखूण साठवली.

सियागंजवाला

🙏 मिडीचं तुम्ही म्हणता ते पटलं असं समजू नका हो, पण हॅशशी भांडत बसायला वेळ कोणाला आहे.

दांडियाबाजार_बडोदे

अनइन्स्टॉलचं राहिलं, आणि मंजिरीताईंच्या पगारपत्रकाची गोष्ट नेमकी तिथेच घडते.

इनो सेटअप (इन्स्टॉलर बनवायचं साधन) वापरत असाल तर चेंजेसअसोसिएशन्स यस लिहा, म्हणजे एक्सप्लोररला कळवायचं काम इन्स्टॉलरच करतो. रजिस्ट्रीच्या प्रत्येक ओळीला अनइन्स्टॉलच्या वेळी काय करायचं ते सांगावं लागतं. स्वतःच्या प्रोगआयडीला अनइन्स-डिलीट-की ठीक, ती अख्खी तुमची आहे. डॉट मिडखालच्या नोंदीला मात्र अनइन्स-डिलीट-व्हॅल्यू, म्हणजे फक्त तुमची व्हॅल्यू जाते. तिथे डिलीट-की लिहिलं तर डॉट मिडखालचं दुसऱ्यांचंही सगळं पुसलं जातं, आणि ऑफिसात दुसऱ्या दिवशी काहीच उघडत नाही.

डॉट स्वरच्या डिफॉल्ट व्हॅल्यूचं काय? मायक्रोसॉफ्टचा सल्ला असा की ती तशीच राहू द्या. प्रोगआयडी सापडली नाही तर विंडोज त्या व्हॅल्यूकडे दुर्लक्ष करतं. हा सल्ला मी पाळतो, कारण दरम्यान दुसऱ्या कोणी तिथे स्वतःचं नाव लिहिलं असेल तर ते पुसायचा आपल्याला हक्क नाही.

सुखलिया_सी_शार्प

एक छोटी पण महत्त्वाची भर. एक्स्टेन्शन नोंदवलं की ते 'माहीत असलेलं' होतं, आणि विंडोज माहीत असलेली एक्स्टेन्शन्स लपवतं. काल 'यमन.स्वर' दिसत होतं, आज नुसतं 'यमन'. गुरुजी म्हणतील, फाइलचं नाव कोणी बदललं? प्रोगआयडीखाली ऑल्वेजशोएक्स्ट नावाची रिकामी व्हॅल्यू घातली की तुमचं एक्स्टेन्शन कायम दिसतं. मी स्वतः ती घालतो. 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' हे 'बिल डॉट पीडीएफ' म्हणून दिसून किती जणांचं नुकसान झालंय. आपल्या वापरणाऱ्याला शेवट वाचायची सवय लागलेली बरी.

षड्ज_पंचम

मला हे दिसणं आवडेल. वर्गातल्या मुली एकाच नावाची फाइल वर्डमध्ये, पीडीएफमध्ये आणि स्वरमध्ये पाठवतात. कोणती कोणती ते टिचकी मारल्याशिवाय कळत नाही.

रामबागची_रेवा

सगळ्यांचे आभार. आता ठरवलंय ते लिहिते, काही चुकत असेल तर सांगा.

डॉट स्वर : एचकेसीयूमध्ये प्रोगआयडी, डिफॉल्ट व्हॅल्यू, ऑल्वेजशोएक्स्ट. डॉट मिड : फक्त ओपनविथप्रोगआयडीज आणि केपेबिलिटीज, आणि सेटिंग्ज उघडणारं बटण. इन्स्टॉल करताना मिडीबद्दल काहीच विचारायचं नाही. पहिल्यांदा प्रोग्रॅमच्या आतून मिडी उघडली की खाली एक ओळ येईल : 'मिडी फाइली नेहमी इथेच उघडाव्यात का?' एकदा 'नको' म्हटलं की परत कधीच विचारायचं नाही.

एकच राहिलं. काही गुरुजी प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन फिरतात, इन्स्टॉल करतच नाहीत. पेनड्राइव्ह आज ई, उद्या एफ. मग कमांडमधला पत्ता खोटा ठरतो.

दांडियाबाजार_बडोदे

पेनड्राइव्हच्या आवृत्तीत आपणहून नोंदणी करू नका. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर पाहुणी म्हणून आलेली वस्तू तिथे मागे काही ठेवून जाऊ नये. ज्यांना हवं त्यांच्यासाठी 'या कॉम्प्युटरवर जोडा' आणि 'जोड काढा' अशी दोन बटणं. जोडलेलं असेल तर सुरू होताना कमांडमधला पत्ता आत्ताच्या पत्त्याशी जुळतो का ते बघा. जुळत नसेल आणि नोंद आपलीच असेल, तरच दुरुस्त करा.

रामबागची_रेवा

हे पटलं. दोन बटणं.

षड्ज_पंचम

रेवा, जाता जाता. परीक्षेच्या आधी मी सगळ्या बंदिशी निवडते आणि एंटर दाबते, म्हणजे एकदम उघडतील. थोड्या असल्या तर उघडतात. जास्त असल्या तर काहीच होत नाही आणि उजव्या टिचकीच्या मेनूतून ओपनच गायब असतं. माझ्याच कॉम्प्युटरचं काही आहे का?

सुखलिया_सी_शार्प

ताई, कॉम्प्युटर ठीक आहे. साध्या नोंदणीला विंडोज एका वेळी १५ फाइलीच देतं, त्यापुढे ओपन मेनूतून काढून टाकतं. रेवाताई, शेल\ओपनच्या कीमध्ये मल्टिसिलेक्टमॉडेल नावाची व्हॅल्यू घालून तिच्यात प्लेयर लिहा, मर्यादा वाढते. पण तेव्हा सियागंजवाल्यांनी सांगितलेली एकाच प्रतीची सोय आधी पक्की हवी, नाहीतर षड्जताईंच्या पडद्यावर एकदम चाळीस खिडक्या उघडतील.

रामबागची_रेवा

एकाच प्रतीचं आज रात्री करते. षड्जताई, तुमच्या सगळ्या बंदिशींचं फोल्डर मला पाठवाल का? मराठी नावांसकट, आहे तसं. त्याच्यावरच तपासते.

षड्ज_पंचम

पाठवलं. बिहागच्या फोल्डरात नावं फार लांब आहेत, तीही बघ.